गिल हॉजेस : अपयशात सांभाळला गेलेला आणि इतरांना सांभाळणारा खेळाडू

बेसबॉल हा खेळ आपल्या वाचकांपैकी थोड्यांच्याच परिचयाचा असेल. क्रिकेटशी त्याचे दूरचे नाते आहे. एक जण चेंडू फेकतो, दुसरा तो बॅटने टोलवतो आणि मैदानाच्या चार कोपऱ्यांवरील चार टप्पे पूर्ण करून आला की एक धाव मिळते. या टप्प्यांना बेस म्हणतात. चेंडू थेट कुंपणापलीकडे गेला की त्याला होम रन म्हणतात. आज आम्ही ज्यांची ओळख करून देणार आहोत, त्या गिल हॉजेस यांना समजून घेण्यासाठी खेळाची एवढी माहिती पुरेशी आहे.

गिल हॉजेस हे अमेरिकेतील नामवंत बेसबॉलपटू आणि पुढे तितकेच नामवंत मॅनेजर. बेसबॉलमध्ये संघाच्या मुख्य प्रशिक्षकाला मॅनेजर म्हणतात. संघ निवडणे, खेळाडू घडवणे आणि सामन्याच्या प्रत्येक वळणावर निर्णय घेणे ही सारी कामे त्याचीच. वयाच्या १९व्या वर्षी गिल व्यावसायिक मैदानावर उतरले आणि २ एप्रिल १९७२ रोजी, ईस्टर रविवारी, ४८वा वाढदिवस दोन दिवसांवर आलेला असताना त्यांचे निधन झाले. महायुद्धातील लष्करी सेवेची वर्षे सोडली, तर मधला सगळा काळ त्यांनी या खेळाला दिला. त्यांच्या नावावर अनेक विक्रम आहेत. तथापि न्यूयॉर्क शहराच्या ब्रुकलीन विभागातील जुनी माणसे त्यांची आठवण काढत, ती विक्रमांच्या आधी त्यांच्या सर्वांत मोठ्या अपयशाची. असे का, हे सांगण्यासाठीच हा लेख आहे.

खाणकामगाराचा मुलगा

गिल यांचा जन्म ४ एप्रिल १९२४ रोजी इंडियाना राज्यातील प्रिन्स्टन या लहानशा गावी झाला. वडील चार्ल्स कोळशाच्या खाणीत काम करीत. खाणकामगाराचे जिणे किती खडतर आणि धोक्याचे असते याचा त्यांना पुरेपूर अनुभव होता. आपल्या दोन्ही मुलांनी खाणीत उतरू नये, हाच त्यांचा ध्यास होता. गिल लहान असतानाच हे कुटुंब जवळच्या पीटर्सबर्ग गावी राहावयास गेले. तेथील शाळेत गिल बेसबॉल, बास्केटबॉल, अमेरिकन फुटबॉल आणि धावण्याच्या शर्यती अशा चारही प्रकारांत चमकले.

शाळा संपताच डेट्रॉईट टायगर्स या मोठ्या संघाने त्यांच्यापुढे कराराचा प्रस्ताव ठेवला. तो नाकारून त्यांनी इंडियानातीलच सेंट जोसेफ्स कॉलेज या कॅथलिक महाविद्यालयात प्रवेश घेतला. खेळाबरोबर शिक्षणही हवे आणि जमल्यास प्रशिक्षक व्हावे, असे त्यांच्या मनात होते. मात्र दोन वर्षांतच ब्रुकलीन डॉजर्स संघाने त्यांना हेरले. ३ ऑक्टोबर १९४३ रोजी, हंगामाच्या अखेरच्या दिवशी, ते डॉजर्सकडून पहिला सामना खेळले. या पदार्पणात सांगण्यासारखे फारसे काही घडले नाही. दोनदा ते बाद झाले आणि क्षेत्ररक्षणात त्यांच्या हातून दोन चुका झाल्या.

त्यानंतर लगेचच ते अमेरिकेच्या मरीन दलात दाखल झाले. दुसरे महायुद्ध ऐन भरात होते. विमानविरोधी तोफखान्यातील सैनिक म्हणून पॅसिफिक महासागरातील टिनियन आणि ओकिनावा या बेटांवर त्यांनी सेवा बजावली. ओकिनावाची लढाई ही त्या युद्धातील अत्यंत रक्तरंजित लढायांपैकी एक होती. तेथील कामगिरीबद्दल त्यांना ब्राँझ स्टार हे पदक मिळाले. या पदकाविषयी किंवा युद्धाविषयी ते क्वचितच बोलत. मितभाषीपणा त्यांच्या स्वभावातच होता आणि तो अखेरपर्यंत टिकला.

ब्रुकलीनचे जावई

युद्धावरून परतल्यावर १९४६ साली ते दुय्यम संघातून कॅचर म्हणून खेळले. कॅचर म्हणजे आपल्याकडील यष्टिरक्षकासारखा. १९४७ साली ते पुन्हा डॉजर्स संघात आले. ते वर्ष अमेरिकेच्या सामाजिक इतिहासातही महत्त्वाचे ठरले. वर्णभेदाची अलिखित भिंत ओलांडून जॅकी रॉबिन्सन हे कृष्णवर्णीय खेळाडू त्याच वर्षी डॉजर्सच्या मैदानावर उतरले. त्यांना शिव्याशाप आणि धमक्या सोसाव्या लागल्या. काही सहकारीही नाराज होते. जे सहकारी रॉबिन्सन यांच्या पाठीशी निमूटपणे उभे राहिले, त्यांत गिल हॉजेस होते. दोघांची मैत्री आयुष्यभर टिकली.

१९४८ साली रॉय कॅम्पानेला हे श्रेष्ठ कॅचर संघात आले आणि गिल यांना पहिल्या बेसवर क्षेत्ररक्षणासाठी पाठवण्यात आले. ही जागा त्यांच्यासाठी नवी होती. मात्र ते तेथे असे रुळले की त्या काळातील या जागेवरचे सर्वोत्तम क्षेत्ररक्षक म्हणून त्यांचे नाव घेतले जाऊ लागले. त्यांचे हात एवढे मोठे होते की यांना हातमोजाची गरजच नाही, अशी थट्टा सहकारी करीत. उत्कृष्ट क्षेत्ररक्षणासाठीचा गोल्ड ग्लोव्ह पुरस्कार १९५७ साली सुरू झाला, आणि पहिल्या बेससाठीचा हा पुरस्कार त्यांनी १९५७, १९५८ आणि १९५९ असा सलग तीन वर्षे मिळवला.

डिसेंबर १९४८ मध्ये, नाताळच्या दुसऱ्या दिवशी, ब्रुकलीनमध्येच वाढलेल्या जोन लोम्बार्डी यांच्याशी गिल यांचा विवाह झाला. इंडियानातील हा तरुण ब्रुकलीनचा जावई झाला आणि मग ब्रुकलीनचाच होऊन राहिला. बहुतेक खेळाडू हंगाम संपताच आपापल्या गावी परतत. हॉजेस कुटुंबाने मात्र ब्रुकलीनमध्येच संसार थाटला. एक मुलगा आणि तीन मुली यांना त्यांनी तेथेच वाढवले. गिल शेजाऱ्यापाजाऱ्यांना रस्त्यात भेटत, दुकानात दिसत आणि रविवारी मिस्साला हजर असत. प्रेक्षकांच्या दृष्टीने ते दूरचे तारे नव्हते, शेजारच्या घरातला माणूस होते.

त्यांची श्रद्धा गाजावाजा करणारी नव्हती. त्या काळी कॅथलिक भाविक शुक्रवारी मांसाहार वर्ज्य करीत. एका शुक्रवारी विमानप्रवासात जेवणात मांस आले. आज सूट आहे, खायला हरकत नाही, असे कोणीतरी सुचवले. तेव्हा आपण या क्षणी मुख्य कार्यालयाच्या फारच जवळ आहोत, असे म्हणून गिल यांनी ताट बाजूला सारले, अशी आठवण त्यांच्या सोबत्यांमध्ये सांगितली जात असे.

एकवीस प्रयत्न आणि एक शून्य

३१ ऑगस्ट १९५० रोजी बोस्टन ब्रेव्हज संघाविरुद्धच्या एकाच सामन्यात गिल यांनी चार होम रन फटकावले. असा पराक्रम बेसबॉलच्या इतिहासात फार थोड्यांना साधला आहे. १९४९ ते १९५५ या सात हंगामांत त्यांनी दर वर्षी संघाला शंभराहून अधिक धावा मिळवून दिल्या. त्यांची गणना देशातील आघाडीच्या फलंदाजांत होत होती.

आणि मग १९५२ सालचा ऑक्टोबर आला. बेसबॉलच्या वार्षिक अजिंक्यपदाच्या मालिकेला वर्ल्ड सिरीज म्हणतात. डॉजर्सची गाठ न्यूयॉर्क यँकीज या बलाढ्य संघाशी होती. ब्रुकलीनने तोवर एकदाही ही मालिका जिंकलेली नव्हती. यँकीजकडूनच त्यांनी १९४१, १९४७ आणि १९४९ असे तीन पराभव पचवले होते. या वेळी मालिका सातव्या सामन्यापर्यंत रंगली आणि डॉजर्स पुन्हा हरले. त्या सात सामन्यांत गिल हॉजेस २१ वेळा फलंदाजीचा प्रयत्न करून एकदाही यशस्वी फटका मारू शकले नाहीत. एकवीसपैकी शून्य.

बेसबॉलमध्ये उत्तम फलंदाजही दहापैकी सात वेळा अपयशी ठरतो. म्हणून अपयश हे या खेळात नवे नव्हे. परंतु ऐन मोक्याच्या वेळी, सगळ्या शहराचे डोळे लागलेले असताना, एवढे सलग अपयश येणे ही वेगळीच गोष्ट होती. एरवी अशा खेळाडूची प्रेक्षक काय गत करतात हे आपण जाणतो. आपल्याकडेही क्रिकेटचा एखादा सामना हातचा गेला की कालच्या नायकाची आज हुर्यो उडवली जाते. ब्रुकलीनचे प्रेक्षक तर फटकळपणाबद्दल प्रसिद्ध होते. त्यांनी आपल्या आवडत्या खेळाडूंनाही कधी सोडले नव्हते. पण त्यांनी गिल यांची हुर्यो उडवली नाही. ते फलंदाजीला आले की प्रेक्षक उभे राहून टाळ्या वाजवत आणि अपयशी होऊन परतले तरी टाळ्या थांबत नसत.

१९५३चा हंगाम सुरू झाला तरी अपयश पाठ सोडीना. मे महिन्याच्या मध्यास त्यांची फलंदाजीची सरासरी .१८७ इतकी खाली गेली होती. म्हणजे शंभर प्रयत्नांत एकोणीस फटकेही यशस्वी होत नव्हते. काही सामन्यांत तर त्यांना संघाबाहेर बसवण्यात आले. त्या काळात त्यांच्या घरी पत्रांचा ओघ सुरू झाला. कोणी सल्ले दिले, कोणी जपमाळा पाठवल्या, कोणी पवित्र पदके, तर कोणी शुभशकुनाच्या वस्तू. पाठवणारे सगळे कॅथलिक नव्हते. आपला माणूस अडचणीत आहे, एवढीच गोष्ट प्रत्येकाला ठाऊक होती.

याच मे महिन्यातील एका रविवारी ब्रुकलीनच्या सेंट फ्रान्सिस झेवियर चर्चमध्ये फादर हर्बर्ट रेडमंड मिस्सा अर्पण करीत होते. हवा अतिशय उष्ण होती. आज प्रवचन करण्याइतका थंडावा नाही, तेव्हा सर्वांनी घरी जावे, आज्ञा पाळाव्यात आणि गिल हॉजेस यांच्यासाठी एक प्रार्थना करावी, अशा आशयाचे दोनतीन वाक्यांचे निवेदन करून त्यांनी प्रवचन आटोपले. एवढे छोटे प्रवचन क्वचितच कोणी दिले असेल, आणि एवढ्या दीर्घकाळ लक्षात राहिलेली प्रवचनेही फार नाहीत. वर्तमानपत्रांनी ही बातमी छापली. अमेरिकेतील बेसबॉलच्या इतिहासात ती आजही सांगितली जाते.

खेळातील यशासाठी वेदीवरून प्रार्थनेचे आवाहन करणे कितपत योग्य, असा प्रश्न कोणाच्या मनात येऊ शकतो. तो प्रश्न रास्तही आहे. परमेश्वर एका संघाच्या बाजूने आणि दुसऱ्याच्या विरुद्ध उभा राहतो, असे मानणे बालिशपणाचे ठरेल. पण फादर रेडमंड यांनी डॉजर्सच्या विजयासाठी प्रार्थना करा, असे सांगितले नव्हते. त्यांनी एका माणसासाठी प्रार्थना मागितली होती. हा माणूस उघड्यावर, हजारो लोकांच्या डोळ्यांदेखत, दररोज अपयशी होत होता आणि तरीही दुसऱ्या दिवशी मुकाट्याने कामावर हजर राहत होता. अशा माणसासाठी प्रार्थना करणे हे धर्मग्रामाचे कामच आहे.

आणखी एक गोष्ट सांगणे आवश्यक आहे. डॉजर्सचे तेव्हाचे मॅनेजर चक ड्रेसन यांनी गिल यांच्या फलंदाजीचे चित्रीकरण करून घेतले आणि त्यांना ते दाखवले. चेंडू येताना त्यांचा डावा पाय नकळत बाहेरच्या बाजूला सरकत होता. तो दोष त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला आणि सरावाने दुरुस्त केला. प्रार्थना आणि परिश्रम यांत आम्हाला विरोध दिसत नाही. लोकांच्या प्रेमाने त्यांना धीर दिला, सहकाऱ्याच्या ज्ञानाने दोष दाखवला आणि श्रम त्यांनी स्वतः केले. त्या हंगामाअखेर त्यांची सरासरी .३०२ झाली, होम रन ३१ झाले आणि त्यांच्या फटक्यांनी संघाला १२२ धावा मिळाल्या.

तरीही १९५३ची वर्ल्ड सिरीज यँकीजनीच जिंकली. ब्रुकलीनला आणखी दोन वर्षे थांबावे लागले. ४ ऑक्टोबर १९५५ रोजी यँकीजच्याच मैदानावर सातवा आणि निर्णायक सामना झाला. डॉजर्सने तो २–० असा जिंकला. त्या दोन्ही धावा गिल हॉजेस यांच्या फटक्यांवर निघाल्या. शेवटचा चेंडू पी वी रीस यांनी अडवून पहिल्या बेसकडे फेकला, तोही गिल यांनीच झेलला आणि ब्रुकलीनला आपल्या इतिहासातील पहिले अजिंक्यपद मिळाले. ब्रुकलीनच्या वाट्याला आलेले ते एकमेव अजिंक्यपद. १९५७च्या हंगामानंतर डॉजर्स संघ लॉस एंजेलिसला हलवण्यात आला आणि १९६० साली ब्रुकलीनमधील त्यांचे एबेट्स फील्ड हे मैदानही पाडण्यात आले.

मॅनेजर हॉजेस

गिल काही वर्षे लॉस एंजेलिसमध्ये खेळले. १९५९ साली डॉजर्सच्या तेथील पहिल्या अजिंक्यपदातही त्यांचा मोठा वाटा होता. १९६२ साली न्यूयॉर्कमध्ये मेट्स हा नवा संघ स्थापन झाला, तेव्हा ते त्या संघात दाखल झाले. मेट्सच्या इतिहासातील पहिला होम रन त्यांच्याच नावावर आहे. कारकिर्दीत त्यांनी एकूण ३७० होम रन मारले. मे १९६३ मध्ये, गुडघ्याच्या दुखण्याने खेळणे अवघड झालेले असताना, वॉशिंग्टन सेनेटर्स संघाने त्यांना मॅनेजर म्हणून बोलावून घेतले.

हा संघ गुणतक्त्याच्या तळाशी होता. १९६४ साली त्यांच्या हाताखाली संघाने ६२ सामने जिंकले, १९६५ साली ७०, १९६६ साली ७१ आणि १९६७ साली ७६. गाजावाजा नाही, चमत्कार नाही, पण दर वर्षी एक पाऊल पुढे. त्यांची शिस्त कडक होती. मात्र कोणालाही चारचौघांत अपमानित करणे त्यांना मान्य नव्हते. रात्री ठरलेल्या वेळेनंतर बाहेर राहिलेल्या खेळाडूंविषयीची एक गोष्ट सांगितली जाते. नियम मोडणारे चौघे कोण ते मला ठाऊक आहे, त्यांनी प्रत्येकी १०० डॉलर माझ्या टेबलावरील डब्यात टाकावेत, म्हणजे विषय संपेल, असे गिल यांनी संघाला सांगितले. संध्याकाळी डब्यात ७०० डॉलर निघाले.

१९६५ साली त्यांच्या संघात राइन ड्यूरेन नावाचे पिचर होते. पिचर म्हणजे चेंडू फेकणारा खेळाडू. एकेकाळी ड्यूरेन यांच्या वेगवान चेंडूंचा मोठा दरारा होता. पण दारूच्या व्यसनाने त्यांना पोखरून टाकले होते. एका वाईट सामन्यानंतर मद्याच्या अमलाखाली ते जीव देण्यासाठी एका पुलावर चढले. बातमी कळताच गिल हॉजेस तेथे पोहोचले, शांतपणे त्यांच्याशी बोलत राहिले आणि त्यांना खाली उतरवले. ड्यूरेन यांची खेळातील कारकीर्द त्याच वर्षी संपली. परंतु ते जगले, पुढे दारूतून मुक्त झाले आणि उरलेले आयुष्य त्यांनी व्यसनाधीनांच्या समुपदेशनासाठी दिले. आम्हाला वाटते, गिल हॉजेस यांच्या कारकिर्दीचे मोजमाप करताना हा प्रसंग सर्व विक्रमांच्या वर ठेवायला हवा. आपण स्वतः सर्वांत खाली होतो तेव्हा लोकांनी काय केले, हे ते विसरले नव्हते, असेच त्यातून दिसते.

मेट्सचे आश्चर्य

१९६८ साली गिल मेट्सचे मॅनेजर म्हणून न्यूयॉर्कला परतले. मेट्स हा तेव्हा थट्टेचा विषय होता. पहिल्याच वर्षी, १९६२ साली, या संघाने १२० सामने गमावले होते आणि नंतरही त्याची जागा तळालाच असे. हरण्याची इतकी सवय झाली होती की हरणे हेच मनोरंजन ठरले होते. गिल यांना हे मुळीच पसंत नव्हते. टॉम सीव्हर, जेरी कूसमन यांसारख्या तरुण पिचरना त्यांनी विश्वास दिला. राखीव खेळाडूंनाही आलटून पालटून संधी देऊन आपण संघाला हवे आहोत ही भावना त्यांनी प्रत्येकात रुजवली.

२४ सप्टेंबर १९६८ रोजी अटलांटा येथे सामना सुरू असतानाच त्यांना हृदयविकाराचा झटका आला. वय होते अवघे ४४. ते पुन्हा काम करू शकतील की नाही, याची चिंता होती. पुढच्या हंगामाच्या तयारीला ते परतले.

१९६९च्या हंगामातील एक प्रसंग प्रसिद्ध आहे. ३० जुलै रोजी ह्यूस्टनविरुद्धच्या सामन्यात मेट्सची दाणादाण उडाली होती. संघातील सर्वोत्तम फलंदाज क्लिऑन जोन्स यांनी डाव्या बाजूला आलेला एक चेंडू सावकाश जाऊन उचलला. गिल आपल्या जागेवरून उठले. पिचरकडे जात असावेत, असे सर्वांना वाटले. ते त्याच्यापाशी थांबले नाहीत. संथ पावले टाकीत थेट मैदानाच्या टोकाला जोन्स यांच्यापर्यंत गेले, पायाची विचारपूस केली आणि त्यांना सोबत घेऊन परत आले. जोन्स यांना बदलण्यात आले. कारण पायाचे दुखणे, असे जाहीर झाले. ओरडणे नाही, हातवारे नाहीत. पण त्या दिवसानंतर संघात कोणीही सावकाश धावले नाही.

ऑगस्टच्या मध्यास मेट्स अग्रस्थानी असलेल्या शिकागो कब्जच्या सुमारे दहा सामने मागे होते. त्यांनी ते अंतर भरून काढले आणि २४ सप्टेंबर १९६९ रोजी, गिल यांच्या हृदयविकाराच्या झटक्याला बरोबर एक वर्ष पूर्ण होत असताना, आपल्या गटाचे विजेतेपद निश्चित केले. वर्ल्ड सिरीजमध्ये त्यांची गाठ बाल्टिमोर ओरिओल्स या अतिशय सामर्थ्यवान संघाशी होती. मेट्सनी ती मालिका ४–१ अशी जिंकली. पाचव्या सामन्यात मेट्स ०–३ असे मागे असताना एक चेंडू क्लिऑन जोन्स यांच्या पायाला लागला की नाही, याविषयी वाद झाला. लागला असेल तर फलंदाजाला पहिला बेस मिळतो. पंच मान्य करीनात. गिल तो चेंडू हातात घेऊन शांतपणे पंचांकडे गेले आणि त्यावर उमटलेला बुटाच्या पॉलिशचा डाग त्यांनी दाखवला. पंचांनी निर्णय बदलला. पुढच्याच फलंदाजाने होम रन मारला आणि सामन्याचे पारडे फिरले. एरवी सौम्य असलेल्या या माणसाच्या शब्दावर पंचांचा विश्वास होता, असे त्या वेळी अनेकांनी नमूद केले. त्या मालिकेतील शेवटचा चेंडू झेलणारे खेळाडू होते क्लिऑन जोन्स. जुलै महिन्यात ज्यांना मैदानाबाहेर आणण्यात आले होते, तेच.

ईस्टर रविवार

१९७२ साली एप्रिलच्या सुरुवातीला खेळाडूंचा संप सुरू होता. फ्लोरिडातील सराव शिबिर थांबले होते. २ एप्रिल रोजी, ईस्टर रविवारी, गिल आपल्या तीन सहप्रशिक्षकांबरोबर गोल्फ खेळले. मुक्कामी परतताना रात्रीच्या जेवणाला किती वाजता भेटायचे, असे एकाने त्यांना विचारले. उत्तर देऊन ते वळले आणि जागीच कोसळले. हृदयविकाराच्या दुसऱ्या झटक्याने त्यांचे निधन झाले.

ब्रुकलीनच्या अवर लेडी हेल्प ऑफ ख्रिश्चन्स चर्चमध्ये त्यांचा अंत्यविधी झाला. हजारो माणसे आली. जुने सोबती आले, मेट्सचे तरुण खेळाडू आले. मधुमेहाने दृष्टी अधू झालेले जॅकी रॉबिन्सनही आले. त्याच वर्षी ऑक्टोबर महिन्यात त्यांचेही निधन झाले. गिल यांना ब्रुकलीनमधील होली क्रॉस दफनभूमीत चिरविश्रांती देण्यात आली. १९७८ साली ब्रुकलीनला रॉकअवे द्वीपकल्पाशी जोडणाऱ्या पुलाला त्यांचे नाव देण्यात आले.

बेसबॉलमधील सर्वोच्च सन्मान म्हणजे न्यूयॉर्क राज्यातील कूपरस्टाउन येथील हॉल ऑफ फेममध्ये स्थान. तेथे निवड होण्यासाठी ७५ टक्के मते लागतात. १९६९ ते १९८३ या काळात गिल यांचे नाव १५ वेळा मतदानाला आले. कमाल ६३.४ टक्के मते मिळाली. नंतरच्या निवड समित्यांनीही त्यांना अनेकदा वगळले. दर वेळी ब्रुकलीनमधील घरात जोन हॉजेस निकालाची वाट पाहत. अखेर ५ डिसेंबर २०२१ रोजी १६ सदस्यांच्या समितीत आवश्यक तेवढी १२ मते त्यांना मिळाली. तेव्हा जोन ९५ वर्षांच्या होत्या. २४ जुलै २०२२ रोजी झालेल्या समारंभात कन्या आयरीन यांनी वडिलांच्या वतीने सन्मान स्वीकारला. त्यानंतर दोन महिन्यांच्या आतच, १७ सप्टेंबर २०२२ रोजी, जोन यांनीही देह ठेवला.

आपल्यासाठी

गिल हॉजेस यांच्या जीवनाकडे पाहताना एक खंतही आमच्या मनात येते. इतरांचा भार त्यांनी उचलला, पण स्वतःची काळजी ते मनातच ठेवीत. त्यांच्या शांत चेहऱ्यामागे किती ताण होता हे फार थोड्यांना कळले. जो सर्वांना सांभाळतो त्याला कोण सांभाळतो, हा प्रश्न आपल्या घरातील आईवडिलांविषयी, शाळेतील शिक्षकांविषयी आणि धर्मग्रामातील धर्मगुरूंविषयीही विचारण्यासारखा आहे.

आपल्या मुलांच्या परीक्षांचे निकाल लागतात, तरुणांच्या मुलाखती होतात, कोणाचा धंदा बसतो, कोणी व्यसनात अडकतो. यशस्वी झालेल्यांचे सत्कार आपण आवर्जून करतो आणि ते करायलाच हवेत. पण एकवीस प्रयत्नांत एकदाही यश न मिळालेला कोणी तरी आपल्याही वाडीत असतो. तो मिस्साला आला की मागच्या बाकावर बसतो आणि मिस्सा संपण्याआधीच निघून जातो. त्याला सल्ला देणारे पुष्कळ भेटतात. १९५३ साली ब्रुकलीनच्या लोकांनी त्याच्यासारख्याच एका माणसासाठी काय केले, हे आपण पाहिले. त्यांनी टाळ्या थांबवल्या नाहीत, पत्रे लिहिली आणि एका उकाड्याच्या रविवारी घरी जाताना त्याच्यासाठी प्रार्थना केली. येत्या रविवारी मिस्साला जाताना आपण प्रत्येकाने असे एक नाव मनात घेऊन जावे, एवढीच आमची विनंती आहे.